शून्याला भागाकारात नेणारे भास्कराचार्य

अमरावती आणि अकोला या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीला जुन्या ग्रंथांत पयोष्णी म्हटले आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. विदर्भातील या पयोष्णीच्या काठी दधिग्राम नावाच्या गावी ज्योतिष्यांचे एक घराणे नांदत होते. त्या घराण्याकडे आपण शेवटी येऊ. ज्यांच्या ग्रंथांसाठी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लेखणी झिजवली, त्या भास्कराचार्यांचे चरित्र प्रथम पाहू.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. आपले जन्मवर्ष त्यांनी स्वतःच लिहून ठेवल्यामुळे त्याविषयी शंका उरत नाही. गोत्र शांडिल्य, पित्याचे नाव महेश्वर. महेश्वर हेही ज्योतिषी होते आणि भास्कराचार्यांचे पहिले गुरू तेच. आपले गाव सह्याद्रीच्या कुशीतील विज्जडविड असल्याचे ते सांगतात. हे गाव आजचे कोणते, यावर विद्वानांचा वाद आहे. कोणी ते खानदेशात मानतात, कोणी मराठवाड्यात, तर कोणी कर्नाटकात. ते उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते असेही पुष्कळदा छापले जाते. पण त्याला भक्कम आधार नाही आणि आम्हांला ते पटत नाही.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. लीलावती ही त्यांची कन्या होती आणि तिचे लग्न मोडल्यावर तिच्या सांत्वनासाठी हा भाग रचला, ही कथा अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत ती येते. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लेखनात नाही. वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, पंचांगकर्त्यांना सोयीचा ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला. म्हणजे उतारवयातही त्यांची लेखणी थांबली नव्हती.

शून्य त्यांनी शोधले नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. संख्येतील रिकामी जागा दाखवण्यासाठी बाबिलोनच्या लेखनिकांनी ख्रिस्तपूर्व काळातच दोन तिरप्या खुणांचा उपयोग केला. महासागरापलीकडे माया लोकांनी स्वतंत्रपणे शिंपल्याच्या आकाराचे चिन्ह योजले. रोमन अंकांत मात्र शून्य नव्हते, आणि त्याचा परिणाम आपल्या कालगणनेत आजही दिसतो. सहाव्या शतकात दियोनिसियस एक्झिगुअस या मठवासीयाने प्रभू येशूच्या जन्मापासून वर्षे मोजण्याची रीत घातली. तीत ख्रिस्तपूर्व पहिल्या वर्षानंतर एकदम इसवी सन १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. त्यामुळेच महाजयंतीचे २००० साल दुसऱ्या सहस्रकाचे अखेरचे वर्ष ठरले आणि तिसरे सहस्रक १ जानेवारी २००१ रोजी सुरू झाले. पुढे पोप सिल्वेस्टर दुसरे झालेले जेर्बेर हे दहाव्या शतकातील मोठे गणिती होते. त्यांनी भारतीय अंक मणिचौकटीवर शिकवले, पण ते नऊच. दहावे चिन्ह त्यांत नव्हते.

भारतात ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये शून्याला रिकाम्या जागेवरून उठवून संख्यांच्या पंगतीत बसवले. त्यांनी शून्याच्या बेरीज, वजाबाकी आणि गुणाकाराचे नियम दिले. अडचण भागाकाराशी आली. शून्याला शून्याने भागल्यास शून्यच येते, असे ते म्हणाले. नवव्या शतकात महावीराचार्यांनी तर शून्याने भागलेली संख्या तशीच राहते, असे लिहिले. दोन्ही उत्तरे चुकीची होती.

भास्कराचार्यांनी इथे हात घातला. शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी ‘खहर’ म्हटले. ‘ख’ म्हणजे आकाश, अर्थात शून्य, आणि ‘हर’ म्हणजे भाजक. या राशीत कितीही मिळवा वा तीतून कितीही काढा, तिच्यात बदल होत नाही, असे सांगताना ते अनंत ईश्वराची उपमा देतात: प्रलयकाळी सारे जीव त्याच्यात सामावले, सृष्टीच्या वेळी बाहेर पडले, तरी तो आहे तसाच राहतो. निर्मितीमुळे परमेश्वराच्या पूर्णत्वात भर पडत नाही, हे धर्मशिक्षणात शिकलेल्या आम्हां ख्रिस्ती वाचकांना हा विचार परका वाटू नये.

लीलावतीत त्यांनी एक कोडे घातले आहे. एका संख्येला शून्याने गुणा, आलेल्यात त्याचेच अर्धे मिळवा, तिप्पट करा, मग शून्याने भागा. उत्तर ६३ येते, तर संख्या कोणती? शून्याने गुणताच सारे शून्य झाले, असे म्हणून पाटी पुसू नये, हा त्यांचा नियम. पुढे शून्यानेच भागायचे असेल तर गुणक शून्य तसाच बाजूला राखावा. मग १४ आणि ७ मिळून २१, त्याची तिप्पट ६३. म्हणून संख्या १४. आजचे शिक्षक शून्याने भागण्यास मनाई करतील, आणि नियमाने ते बरोबरच आहेत. पण शून्याकडे सरकत जाणाऱ्या राशींचे जे गणित युरोपात सतराव्या शतकापासून उभे राहिले, त्याची चाहूल या कोड्यात आहे असे आम्हांला वाटते.

हे ज्ञान टिकले कसे? चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. त्यावरून असे कळते की भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी होते आणि नातू चांगदेव सिंघणाचे ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी पाटणला मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने इ. स. १२०७ मध्ये त्याला दान दिले. लेखाची अखेर जुन्या मराठीत आहे. बाजारातील व्यवहारांवर मठाचा हक्क त्यात ठरवून दिला आहे, आणि गावात जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असेही सांगितले आहे. तेल्यांच्या त्या पळीपळीवर मठातील गणिताची शाळा चालली.

आता दधिग्रामकडे वळू. तेथील घराणे पुढे काशीस गेले. त्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञ यांना जहांगीर बादशहाचा आश्रय लाभला. त्यांनी इ. स. १६०० च्या सुमारास भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली. गुरूने नियम सांगितला होता. कृष्ण दैवज्ञांनी तो खरा का, हे उलगडले. भाजक जसजसा लहान होतो तसतसा भागाकार वाढतो. भाजक अगदी शून्य झाला तर भागाकार अमुक इतका असे म्हणताच येणार नाही. आपल्याकडच्या मापाने समजून घेऊ. बारा पायली तूर सहा पायलीच्या मापाने दोनदा भरते, तीन पायलीच्या मापाने चारदा, पायलीने बारा वेळा, अर्ध्या पायलीने चोवीस वेळा. माप ज्यात काहीच मावत नाही असे असेल, तर मोजणाऱ्याचे मोजणे कधी संपणारच नाही.

कृष्ण दैवज्ञांचे बंधू रंगनाथ यांनी १६०३ मध्ये सूर्यसिद्धान्तावर टीका लिहिली. त्याच वर्षी जन्मलेले रंगनाथांचे पुत्र मुनीश्वर यांनी पुढे लीलावतीवर आणि सिद्धान्तशिरोमणीवरही टीका केल्या. अशा रीतीने भास्कराचार्यांच्या महाग्रंथाचा मोठा भाग या एका वऱ्हाडी कुळाने काशीत बसून उलगडला, आणि आपला परिचय देताना ते पयोष्णीकाठच्या दधिग्रामाचे नाव लिहीत राहिले.