वॉल्टर कॅम्प

वॉल्टर चॉन्सी कॅम्प (७ एप्रिल, १८५९ – १४ मार्च, १९२५) हे अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू, प्रशिक्षक, क्रीडालेखक आणि नियमकार होते. त्यांना अमेरिकन फुटबॉलचे जनक म्हटले जाते. फुटबॉल म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पायाने खेळण्याचा गोल चेंडू येतो. कॅम्प यांनी घडविलेला खेळ त्याहून निराळा असून तो रग्बीतून निघाला आहे. त्यात लंबगोल चेंडू हातात धरून धावता येते, पुढे फेकता येतो, आणि प्रतिपक्षाने चेंडूवाल्या खेळाडूला धरून जमिनीवर पाडणे हा खेळाचाच भाग असतो.

== प्रारंभिक जीवन ==

कॅम्प यांचा जन्म अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे झाला. न्यू हेवन येथील हॉपकिन्स ग्रामर स्कूलमध्ये शिकून १८७६ मध्ये त्यांनी तेथीलच येल येथे प्रवेश घेतला. १८८० मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास आरंभिला, पण तो पूर्ण केला नाही. या संपूर्ण काळात, म्हणजे १८७६ पासून १८८२ पर्यंत, ते येलच्या संघात हाफबॅक या जागेवर खेळत होते. पदवीनंतरही विद्यापीठाच्या संघात खेळता येई, असे ते दिवस होते.

१८८३ मध्ये ते न्यू हेवन क्लॉक कंपनी या घड्याळे बनविणाऱ्या कंपनीत नोकरीस लागले आणि पुढे तिचे अध्यक्ष झाले. त्यांची उपजीविका अखेरपर्यंत घड्याळांवरच चालली. फुटबॉल हा फावल्या वेळचा उद्योग होता.

== नियमांची घडण ==

कॅम्प खेळू लागले तेव्हा या खेळाला एकच एक रूप नव्हते. १८७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे काही महाविद्यालयांच्या प्रतिनिधींनी रग्बीचे नियम थोडेफार बदलून स्वीकारले होते. रग्बीत खेळाडू पडला की दोन्ही संघांचा घोळका चेंडूभोवती जमतो आणि चेंडू कोणाच्या बाजूला येईल याचा नेम नसतो. ही अनिश्चितता कॅम्प यांना खुपत असे. १८८० च्या परिषदेत त्यांच्या आग्रहाने दोन बदल झाले. संघातील खेळाडू १५ वरून ११ झाले. आणि चेंडू ज्या संघाकडे असेल त्याच्याकडेच तो राहील, दोन्ही संघ समोरासमोर रेषेवर उभे राहतील आणि मधला खेळाडू चेंडू मागे देऊन डाव सुरू करील, असे ठरले. या मांडणीला स्क्रिमेज म्हणतात. अमेरिकन फुटबॉल रग्बीपासून वेगळा झाला तो या एका नियमाने. बाकीचे पुष्कळसे नियम त्यातूनच ओघाने आले.

मधल्या खेळाडूकडून चेंडू प्रथम घेणाऱ्याला क्वार्टरबॅक हे नाव मिळाले. त्याच्या मागे दोन हाफबॅक, सर्वांत मागे फुलबॅक. ही नावे खेळाडू रेषेपासून किती मागे उभा आहे यावरून पडली आहेत: पाव, अर्धा आणि पूर्ण. पुढच्या रेषेवर सात जण: मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल आणि टोकांना एंड. क्वार्टरबॅकला आरंभी स्वतः चेंडू घेऊन पुढे धावण्याची मुभा नव्हती. आज तोच संघाचा सूत्रधार असतो, हे नवख्या वाचकाला खरे वाटणार नाही.

नव्या नियमातून एक पळवाट लगेच निघाली. चेंडू हातचा जाणारच नसेल तर तो पुढे नेण्याची गरज काय? १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन यांच्या सामन्यात एका संघाने पूर्वार्ध आणि दुसऱ्याने उत्तरार्ध नुसता चेंडू दाबून धरून काढला. सामना शून्य-शून्य सुटला आणि प्रेक्षक वैतागले. त्यावर १८८२ मध्ये कॅम्प यांचा उपाय मान्य झाला. तीन प्रयत्नांत चेंडू ५ यार्ड पुढे गेला नाही, किंवा १० यार्ड मागे आला नाही, तर तो प्रतिपक्षाला द्यावा. अशा प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. अंतर मोजता यावे म्हणून मैदानावर दर ५ यार्डांवर चुन्याच्या रेषा आखल्या गेल्या. त्या रेषांमुळे मैदान लोखंडी जाळीसारखे दिसू लागले आणि त्यावरून त्याला ग्रिडायर्न हे नाव रूढ झाले.

१८८३ मध्ये गुणांचे कोष्टक ठरले. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेणे म्हणजे टचडाउन. त्याला तेव्हा २ गुण होते. त्यानंतर मारलेल्या गोलला ४ आणि मैदानातून थेट मारलेल्या फील्ड गोलला ५ गुण मिळत. स्वतःच्याच गोलरेषेमागे चेंडूसह अडकल्यास प्रतिपक्षाला १ गुण मिळे. याला सेफ्टी म्हणतात. लाथेने मारलेला चेंडू तेव्हा धावून नेलेल्या चेंडूपेक्षा मोलाचा होता. पुढे हे पारडे फिरले. १९१२ पासून टचडाउनला ६ गुण आहेत, तर फील्ड गोलला १९०९ पासून ३.

== प्रशिक्षक आणि लेखक ==

१८८८ ते १८९२ या काळात कॅम्प येलचे मुख्य प्रशिक्षक होते. या पाच वर्षांत संघाने ६७ सामने जिंकले आणि केवळ २ गमावले. १८८८ च्या हंगामात तर येलने ६९८ गुण मिळविले आणि प्रतिपक्षांना एकही मिळू दिला नाही. या यशात त्यांच्या पत्नी ॲलिस यांचा वाटा मोठा होता. समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांच्या त्या सावत्र भगिनी. दुपारी पती कंपनीत असताना त्या मैदानावर जाऊन सराव पाहत व टिपणे करीत आणि संध्याकाळी त्यांच्या घरी त्या टिपणांवरून चर्चा होई. नियमांच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव क्वचितच आढळते. पुढे कॅम्प यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघालाही मार्गदर्शन केले.

त्यांनी विपुल लेखन केले. देशभरातील उत्तम खेळाडू निवडून काल्पनिक संघ जाहीर करण्याची ऑल-अमेरिका ही प्रथा १८८९ मध्ये सुरू झाली. पहिली यादी त्यांची की संपादक कॅस्पर व्हिटनी यांची, याविषयी मतभेद आहेत. परंतु १८९८ पासून कॉलियर्स या साप्ताहिकातील त्यांची यादी अधिकृतच मानली जाई.

== हिंसाचाराचा वाद ==

कॅम्प यांच्या चरित्रातील हा भाग अडचणीचा आहे. १८८८ मध्ये कमरेखाली, गुडघ्यापर्यंत धरून पाडण्यास परवानगी मिळाली. मोकळ्या मैदानात एकट्याने धावणे त्यामुळे कठीण झाले आणि संघ दाट घोळका करून चाल करू लागले. ५ यार्डांसाठी एवढा घोळका पुरेसा होता. हाडे मोडू लागली, मृत्यूही होऊ लागले. १८९४ मध्ये कॅम्प यांनी माजी खेळाडू व शाळाप्रमुखांकडून प्रश्नावलीद्वारे मते मागवून खेळ हितकारक असल्याचे दाखविणारे पुस्तक काढले. प्रतिकूल उत्तरे त्यांनी वगळली, असा आक्षेप पुढील अभ्यासकांनी घेतला आहे. येलच्या क्रीडानिधीत त्यांच्या देखरेखीखाली साचलेल्या मोठ्या रकमेवरही टीका झाली.

१९०५ च्या हंगामात १८ मृत्यू झाल्याचे वृत्तपत्रांनी छापले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलाविले. त्यांत कॅम्प होते. खेळावर बंदी घालावी अशी मागणीही जोरात होती. कॅम्प यांचा भर अंतर ५ वरून १० यार्ड करण्यावर होता. चेंडू पुढे फेकण्याच्या, म्हणजे फॉरवर्ड पासच्या कल्पनेबाबत ते साशंक होते. १९०६ मध्ये दोन्ही बदल झाले आणि दोन्ही संघांच्या रेषांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागाही राखण्यात आली. नियम समितीवर कॅम्प यांची पूर्वीची एकहाती सत्ता मात्र उरली नाही. त्यांना नको असलेला पासच आज या खेळाचे मुख्य आकर्षण आहे. चौथा डाउन १९१२ मध्ये आला.

== अखेरची वर्षे ==

पहिल्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रांतील व्यायामाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांनी बारा साध्या व्यायामप्रकारांचा डेली डझन हा क्रम तयार केला. युद्धानंतर तो पुस्तकांतून आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांतून घरोघरी पोहोचला. ज्यांनी कधी फुटबॉल पाहिला नव्हता अशांनाही कॅम्प यांचे नाव त्यामुळे कळले.

मार्च १९२५ मध्ये नियम समितीच्या बैठकीसाठी ते न्यू यॉर्कला आले होते. १४ तारखेस सकाळी ते बैठकीला आले नाहीत, तेव्हा सहकाऱ्यांनी चौकशी केली; रात्री झोपेतच त्यांचे निधन झाले होते. न्यू हेवन येथील ग्रोव्ह स्ट्रीट स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. येलच्या क्रीडांगणाचे भव्य प्रवेशद्वार १९२८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ उभारण्यात आले आणि १९५१ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिदालनात त्यांचा समावेश झाला.