एका रेषेच्या शोधात

हिरो म्हटलं की आम्हा इंजिनीअरिंगवाल्यांना एडिसन नाहीतर टेस्ला आठवतो. माझा हिरो मात्र भाषावाला आहे, गेऑर्ग वेंकर. जन्म १८५२ चा, जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचा. जर्मन बोलींच्या सीमा नकाशावर आखायच्या, हे त्याचं वेड. १८७६ मध्ये त्याने ऱ्हाइनकाठच्या शाळामास्तरांना पोस्टाने काही वाक्यं पाठवली. ती गावच्या बोलीत लिहून परत धाडा, एवढीच विनंती. पुढे वाक्यं ४० झाली आणि उत्तरं चाळीस हजारांहून जास्त गावांतून आली!

त्याला हवी होती एक स्वच्छ रेषा. पण शब्दागणिक रेषा निराळी निघाली. 'करणे'ला उत्तरेत 'माकन', दक्षिणेत 'माखन'. 'मी'ला उत्तरेत 'इक', दक्षिणेत 'इख'. या दोन रेषा ऱ्हाइनपाशी फाकतात आणि ड्युसेलडॉर्फ नेमकं मधोमध! तिथलं 'मी' दक्षिणेच्या वळणाचं, 'करणे' उत्तरेच्या.

रीडिंग जुळत नसलं की लॅबमध्ये काय मोह होतो, ते सांगायला नको. वेंकरने रीडिंग बदललं नाही, नकाशे वाढवले. हाताने काढलेले दीड हजारांहून जास्त! १९११ मध्ये तो मारबुर्गला वारला तेव्हा त्यातले बहुतेक छापलेलेही नव्हते. मोठी छपाई १९२७ पासून सुरू झाली. ग्राफ सरळ येत नाही तेव्हा मला तोच आठवतो.