लोखंडी नांगर कुणी घेईना, तेव्हा किर्लोस्करांनी काय केलं?

वाशिमपासून बेळगावपर्यंत तेव्हा नांगर लाकडीच. 1869 मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडली, बेळगावात भावाबरोबर सायकली विकल्या आणि मग लोखंडी नांगर बनवला. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिलं गिऱ्हाईक मिळायलाच दोन वर्षं गेली.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा ते औंध संस्थानात बांधकामाचं कंत्राट करत होते. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींसमोर त्यांचं काम उभंच होतं. कागदावरच्या आकड्यांपेक्षा हा पुरावा भारी. कुंडल रोड स्टेशनजवळचं 32 एकर माळरान आणि 10,000 रुपये कर्ज मिळालं. निवडुंग तोडून, नाग-साप हुसकावून 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली.