बंद पडलेला सबवूफर, अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर आणि जॉर्ज ओहम

मागच्या महिन्यात मी जुना सबवूफर घेतला आणि फसलो. निदान तेव्हा तरी तसंच वाटलं. कोपरीतल्याच एका घरातून, ऑनलाइन जाहिरात बघून, २,२०० रुपयांना घेतला. दहा इंची, आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला, म्हणजे पॉवर्ड. तिथे गाणं लावून बघायला वायर नव्हती. लाइट लागतोय एवढं पाहिलं, पैसे दिले आणि रिक्षात टाकून घरी आणला. घरीही लाइट लागला. आवाज मात्र शून्य.

विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. एका रिपेअरवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने स्क्रूही न उघडता बोर्ड गेलाय असं सांगितलं आणि १,८०० रुपये मागितले. पैसे पहिल्या पगारातले होते, आणि घरी आधीच ऐकून घेतलं होतं की जुनं सामान कशाला आणतोस. म्हणून बोर्ड खरंच गेलाय का, हे आधी स्वतः मोजून बघायचं ठरवलं.

मल्टिमीटर काढला. त्याच्या डायलवर घोड्याच्या नालेसारखं ओमेगाचं चिन्ह असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. तेच चिन्ह स्पीकरच्या मागच्या स्टिकरवरही होतं: ४ ओहम. दहावीत मी ओहमचा नियम पाठ केला होता, पण ओहम हा माणूस कोण होता हे कधी वाचलं नव्हतं. सबवूफर दुरुस्त होईपर्यंत चार रात्री गेल्या आणि त्या चार रात्रींत मी त्याच्याबद्दल बरंच वाचलं. म्हणून ही गोष्ट दोघांची आहे.

कुलपं बनवणाऱ्याचा मुलगा

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावातला. वडील कुलपं बनवायचे. शाळा फारशी झालेली नव्हती, पण स्वतः वाचून ते इतके शिकले होते की जॉर्ज आणि त्याचा भाऊ मार्टिन यांना गणित आणि विज्ञान घरीच शिकवायचे. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. सात भावंडांपैकी तीनच जगली.

१८०५ मध्ये तो विद्यापीठात गेला आणि तिथे आपल्यातल्या कुणीही केलं असतं तेच त्याने केलं. नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स यात वेळ घालवला. वडील भडकले. तीन सत्रांनंतर शिक्षण थांबलं आणि पोराची रवानगी स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला झाली. पुढे १८११ मध्ये त्याने एर्लांगेनलाच डॉक्टरेट मिळवली खरी, पण त्यानंतरची काही वर्षं कमी पगाराच्या नोकऱ्यांतच गेली. बांबेर्गमधली त्याची शाळा तर बंदच झाली. अखेर १८१७ मध्ये कोलोनच्या एका शाळेत नोकरी लागली आणि तिथे नशिबाने चांगली प्रयोगशाळा होती.

त्याला पडलेला प्रश्न साधा होता. तार लांब केली की तिच्यातून वाहणारी वीज किती कमी होते?

गडबड उगमात होती

१८२५ मध्ये त्याने पहिला निबंध छापला. त्यातलं सूत्र चुकीचं निघालं. कारण काय, तर बॅटरी. त्या काळच्या बॅटऱ्या म्हणजे धातूच्या पट्ट्या आणि आम्लाचं पाणी. तिच्यातून वीज ओढायला लागलं की तिची ताकदच खाली यायची. स्वस्तातली पॉवरबँक फोन लावल्याबरोबर मान टाकते ना, तसं. ओहम तार मोजतोय असं समजत होता, पण मध्येच बॅटरी बदलत होती आणि ते बदलणं त्याच्या आकड्यांत मिसळत होतं.

हे वाचलं आणि मी माझ्या सबवूफरकडे बघितलं. मीही तेच करत होतो. फोन अर्ध्या आवाजावर ठेवून, ऑक्स वायरने सबवूफरला जोडून, आवाज येत नाही म्हणून सबवूफरला दोष देत होतो. उगम तपासलाच नव्हता. बहुतेक पॉवर्ड सबवूफरच्या मागे एक बटण असतं: ऑन आणि ऑटो. ऑटोवर असेल आणि येणारा सिग्नल अशक्त असेल तर सबवूफर झोपूनच राहतो. लाइट लागलेला दिसतो, पण बऱ्याच मॉडेल्समध्ये त्याचा रंग स्टँडबायचा असतो. माझा लाइट लालच होता. बटण ऑनवर टाकलं, फोनचा आवाज पूर्ण केला, सबवूफरचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणला. लाइट हिरवा झाला. तीच ऑक्स वायर दुसऱ्या स्पीकरला लावून तीही चालते याची खात्री केली.

आवाज तरीही नाही. पण आता उगमावर संशय उरला नव्हता.

ओहमचा उगम कसा सुटला? संपादक पोगेनडॉर्फने त्याला बॅटरी सोडून थर्मोकपल वापरायला सुचवलं. दोन वेगळ्या धातूंचे दोन सांधे, एक गरम आणि एक थंड ठेवला की त्यातून थोडीशी पण एकसारखी वीज मिळते. हा शोध थॉमस सेबेकने १८२१ मध्ये लावला होता. ओहमने बिस्मथ आणि तांबं घेतलं, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर तापमानातला फरक हलत नाही, म्हणून वीजही हलत नाही. वीज मोजायला चुंबकाची टांगलेली सुई. अ‍ॅमीटर दुकानात मिळत नव्हता, आणि अँपिअर हे एकक तर ठरलेलंही नव्हतं.

१८२६ मध्ये आकडे जुळले. सुईवरचा परिणाम बरोबर उगमाची ताकद भागिले एक बेरीज. त्या बेरजेत एक भाग तपासायच्या तारेचा आणि दुसरा भाग बाकी सगळ्या सर्किटचा मिळून, जो कायम तेवढाच राहतो. हा दुसरा भाग मला फार आवडला, कारण तो आपल्या स्वस्त मीटरमध्येही असतो. मीटर ओहमवर ठेवा आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. शून्य यायला हवं, पण माझ्या मीटरवर ०.५ आलं. ते त्या वायरींचंच. पुढे जे काही मोजाल त्यातून तेवढं वजा करायचं. चार ओहमच्या स्पीकरमध्ये अर्धा ओहम म्हणजे किरकोळ नाही.

मग फ्यूज बघितला. आधी प्लग काढला, थोडा वेळ थांबलो. माझ्या सबवूफरचा फ्यूज मागे पॉवर सॉकेटखालच्या छोट्या खणात आहे, पेटी उघडावी लागत नाही. मीटरवर पुन्हा ०.५. म्हणजे फ्यूज शाबूत. तुमचा उडालेला निघाला तर त्याच रेटिंगचा टाका. मोठा टाकू नका आणि चांदी गुंडाळण्याचे प्रयोग तर अजिबात नकोत. तो पुन्हा उडाला तर मात्र आत खरंच काहीतरी शॉर्ट आहे, तिथे थांबा. मागची प्लेट घरी उघडायची नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो.

पुस्तक निघालं आणि नोकरी गेली

१८२७ मध्ये ओहमने बर्लिनमधून पुस्तक काढलं. आपण शाळेत शिकतो तो नियम याच पुस्तकामुळे ओळखला जातो. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. अर्ध्या पगारावर रजा घेतली होती, भाऊ मार्टिन बर्लिनला होता आणि पुस्तकाच्या जोरावर एखाद्या विद्यापीठात जागा मिळेल अशी आशा होती.

झालं उलटं. जर्मनीतल्या अनेक अभ्यासकांना भौतिकशास्त्रात इतकं गणित घुसवणंच पटलं नाही. काहींनी पुस्तकाची टर उडवली, बाकीच्यांनी दखलच घेतली नाही. १८२८ मध्ये ओहमने कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. पुढची पाच वर्षं बर्लिनमध्ये मिळेल तशी शिकवण्याची कामं करत काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली, पण हवं होतं ते विद्यापीठ नाहीच. लग्न त्याने केलं नाही.

मान मिळाला तो परदेशातून. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं, म्हणजे पुस्तकानंतर चौदा वर्षांनी. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळायला १८५२ उजाडलं. वय ६३. पुढच्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून पहिली रेल्वे आमच्या ठाण्याला आली. तेव्हा हा माणूस हयात होता आणि नुकताच कुठे त्याच्या मनासारख्या कामावर रुजू झाला होता. ६ जुलै १८५४ ला तो वारला. हव्या त्या खुर्चीत त्याला दोनच वर्षं मिळाली.

त्याने आवाजावरही काम केलं होतं

हे मला अजिबात माहीत नव्हतं. १८४३ मध्ये ओहमने कानाबद्दल एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की कुठलाही गुंतागुंतीचा स्वर हा अनेक साध्या कंपनांची बेरीज असतो आणि आपला कान ती बेरीज सुटी करून ऐकतो. यावर त्याच्याशी वाद घातला तो ऑगस्ट सेबेकने, म्हणजे ज्या थॉमस सेबेकच्या शोधामुळे ओहमला स्थिर वीज मिळाली त्याच्याच मुलाने! ओहमचा हा विचारही बाजूला पडला. हेल्महोल्ट्झने तो उचलून धरला आणि १८६३ च्या ग्रंथात वापरला, तेव्हा ओहम जाऊन नऊ वर्षं झाली होती.

सबवूफर म्हणजे ही बेरीज सुटी करणारं यंत्रच. गाण्यातली खालची कंपनं तेवढी ठेवायची, वरची गाळायची. त्यामुळे तपासताना गाणं न लावता एकच साधा स्वर लावणं सोपं जातं. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या आणि ५० हर्ट्झ ठेवा. फोनच्या स्पीकरमधून हा स्वर जवळजवळ ऐकूच येणार नाही. सबवूफरचं मात्र हेच काम.

प्लग काढून पुढचे स्क्रू सोडले, स्पीकर बाहेर घेतला, त्याच्या दोन वायरी ओढून सुट्या केल्या. त्या वायरींना मीटरची टोकं क्लिपने लावली, मीटर एसी व्होल्टवर ठेवला आणि मग प्लग घातला. चालू असताना कशालाही हात लावला नाही. ५० हर्ट्झ सुरू केला. मीटरवर ३ व्होल्टच्या आसपास आकडा आला, फोनचा आवाज कमी केला की तोही उतरला.

बोर्ड जिवंत होता. १,८०० रुपये वाचले होते.

पुन्हा प्लग काढला आणि स्पीकर एकटा मोजला. चार ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर साधारण सव्वातीन ते पावणेचार दाखवते. माझ्यावर काहीच नाही, म्हणजे कुठेतरी तार तुटलेली. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवला. चांगल्या स्पीकरचा कोन टपकन हलतो. हा ढिम्म.

टॉर्च मारून बघितलं तेव्हा दिसलं. कोनपासून टर्मिनलपर्यंत येणारी विणलेली बारीक तार टर्मिनलच्या टाक्यापाशीच तुटली होती. वर जुनं सोल्डर तसंच असल्यामुळे जोडलेली भासत होती. मित्राची सोल्डरिंग गन आणली, टोक साफ केलं, टाका मारला. तार ताठ ओढली नाही, कारण कोन हलताना तिला सैलपणा लागतो.

मीटर लावला. ३.९. त्यातून वायरींचे ०.५ गेले, उरले ३.४.

ओहम गेल्यानंतर २७ वर्षांनी, १८८१ मध्ये, पॅरिसला विजेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि रोधाच्या एककाला ओहम हे नाव तिथे पक्कं झालं. माझ्या मीटरवर त्या रात्री तेच ३.४ ओहम होते. स्क्रू घट्ट केले, फोन जोडला आणि तबल्याचं एक रेकॉर्डिंग लावलं. डग्ग्याचा पहिला घुमारा आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दोनच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला.