बाबासाहेबांनी केलेला तिजोरीचा हिशेब



बाबासाहेबांना डॉक्टर ही पदवी कोणत्या विषयासाठी मिळाली, असे वर्गात विचारले की पुष्कळ मुले 'जातिव्यवस्था' म्हणतात. घरी आपणही हेच सांगत असाल. कोलंबिया विद्यापीठाची ती पदवी त्यांना मिळाली सरकारी पैशाच्या वाटणीवर.

त्यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातील, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. बालपणीची काही वर्षे दापोलीत गेली. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस गेले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ साली लंडनला छापला गेला. पदवी १९२७ साली मिळाली.

त्यात आहे काय? १८३३ च्या कायद्याने सगळ्या प्रांतांचा महसूल वरिष्ठ सरकारच्या हाती गेला. प्रांतांनी खर्च करायचा आणि पैसा वर मागायचा. काटकसरीचा फायदा काहीच नाही. जो अधिक ओरडे त्याच्या पदरात अधिक पडे. १८७१ पासून लॉर्ड मेयोने पोलीस, तुरुंग, शिक्षण, दवाखाने, रस्ते ही खाती ठराविक रकमेसह प्रांतांकडे सोपवली. पण ती रक्कम ठरली चालू खर्चावरून! थोरल्याच्या ताटात काल दोन भाकऱ्या होत्या म्हणून आजही दोन, धाकट्याच्या ताटात अर्धी होती म्हणून आजही अर्धी. धाकट्याची भूक कोणी विचारलीच नाही.

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी मागे पडलेल्यांना बरोबरीने नव्हे, तर झुकते माप मागितले. पुढे ते ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिच्या घटनेत २८० वे कलम आले आणि केंद्र-राज्यांतील वाटणीसाठी पहिला वित्त आयोग १९५१ साली नेमला गेला.

१९५५ साली भाषिक राज्यांवरील पुस्तकात त्यांनी मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली. मराठवाड्यासारखा मागास भाग पुढारलेल्यांच्या दावणीला बांधला, तर त्याचे हाल होतील ही त्यांची धास्ती होती. रत्नागिरी मात्र त्यांनी पुणे-साताऱ्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात घातली. देवरुखात राहून वाचताना मला हे खटकते, लपवत नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. १९९४ साली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे झाली. २०२० साली त्यांची मुदत संपली. कोकण तेव्हाही 'उर्वरित' मध्येच होते.