विमानशास्त्रज्ञ डॉ. विष्णू माधव घाटगे

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ कुरुंदवाड हे गाव वसले आहे. पटवर्धनांच्या संस्थानाची ही जुनी राजधानी. नदीला घाट, घाटावर देवळे, आणि गावाबाहेर काळ्या जमिनीचे सपाट शिवार. पीक निघाले की हे शिवार दूरवर मोकळे पडते. छोटे विमान उडवून पाहण्याची हौस असलेल्या मुलाला याहून चांगली जागा मिळणे कठीण.

अशी विमाने हल्ली पेटीतून येतात. पेटी उघडली की आत बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या पातळ फासळ्या, काड्या, तारा, चाके आणि एक मोठा नकाशा निघतो. नकाशा पाटावर पसरून त्यावरच फासळ्या मांडावयाच्या, त्या चिकटवावयाच्या आणि त्यांवर पातळ आवरण ताणून बसवावयाचे. विमान द्विपंखी असेल तर एकावर एक असे दोन पंख उभ्या दांड्यांनी एकमेकांस जोडावे लागतात. नाकाशी यंत्र व पंखा, आणि धडाच्या पोटात रेडिओचे संदेश ग्रहण करणारी छोटी पेटी. जमिनीवर उभा राहिलेला मुलगा हातातील खुंटी हलवितो, आणि दूर आकाशात विमानाच्या शेपटीची पट्टी त्याप्रमाणे वळते. हे सारे नीट जमले तरी एक गोष्ट राहतेच. विमानाचा गुरुत्वमध्य नकाशावर दाखविलेल्या ठिकाणीच पडला पाहिजे. शेपूट बोटभर जरी जड झाले, तरी विमान नाक वर करते, त्याचा वेग ओसरतो आणि कित्येक दिवसांची मेहनत क्षणात नांगरटीत येऊन पडते.

पेटीतील कागद काय करावे ते सांगतो. तसे का करावे, हे तो सांगत नाही. फासळीला तेवढाच बाक का, दोन पंखांत तेवढेच अंतर का, गुरुत्वमध्य तेथेच का, हे ज्याला कळले त्यालाच कोऱ्या कागदावर नवे विमान रेखता येते. जे एका मुलाचे, तेच एका देशाचे. भारतात विमाने आधी पेट्यांतून आली. कोऱ्या कागदावर विमान रेखण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, त्यांतील अग्रणी पुरुष याच कोल्हापूर जिल्ह्यात जन्मास आला. त्यांचे नाव डॉ. विष्णू माधव घाटगे.

गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या खेड्यात २४ ऑक्टोबर १९०८ रोजी त्यांचा जन्म झाला. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. अमेरिकेत राइट बंधूंचे पहिले विमान उडून पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. विष्णू दोन वर्षांचा असताना, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीपर्यंत विमानाने टपाल नेले. तेही द्विपंखी विमानच होते. जगातील पहिली अधिकृत विमान-टपाल ती हीच. पण विमान परदेशी, वैमानिक परदेशी. पाहण्यास जमलेली गर्दी तेवढी आपली होती.

उच्च शिक्षणासाठी घाटगे जर्मनीतील गटिंगेन येथे गेले. त्या विद्यापीठात लुडविग प्रांट्ल हे थोर शास्त्रज्ञ शिकवीत असत. वाहत्या हवेचा जो अगदी पातळ थर पृष्ठभागाला चिकटून राहतो, त्यातच विमानाला होणाऱ्या रोधाचे मर्म दडलेले आहे, हे प्रांट्ल यांनी १९०४ साली दाखवून दिले होते. या थरास सीमास्तर म्हणतात. पंखावरून जाणारा हा थर पृष्ठभाग सोडून सुटला की पंखाची उचलण्याची शक्ती एकाएकी नाहीशी होते. कुरुंदवाडच्या शिवारात नाक वर करून कोसळणारे खेळण्यातले विमान आणि शेकडो मण वजनाचे खरे विमान यांचा घात एकाच कारणाने होतो.

प्रांट्ल यांच्याकडे वातविवर होते. वातविवर म्हणजे हवेचा बोगदा. विमान स्थिर हवेतून धावले काय, किंवा विमान स्थिर ठेवून हवा त्याच्यावरून वाहविली काय, परिणाम एकच. म्हणून या बोगद्यात विमानाची छोटी प्रतिकृती टांगतात, पंख्याने वारा सोडतात आणि तिच्यावर पडणारा जोर काट्यावर मोजतात. मात्र येथे एक मेख आहे. प्रतिकृती लहान केली म्हणून हवा लहान होत नाही. तिचा चिकटपणा तोच राहतो. त्यामुळे प्रतिकृतीवर मिळालेले आकडे जसेच्या तसे मोठ्या विमानास लावता येत नाहीत. त्यांत हिशेबाने सुधारणा करावी लागते. छोटे विमान छान उडाले, म्हणून त्याच्या दसपट मोठे विमानही तसेच उडेल, असे मानणे धोक्याचे असते.

दोन पंखांचा विचारही गटिंगेन येथे बारकाईने झाला होता. आरंभीची विमाने लाकूड आणि कापड यांची असत. एकटा लांब पंख वाऱ्याने मोडेल, म्हणून दोन आखूड पंख दांड्यांनी व तारांनी बांधून पुलाच्या सांगाड्यासारखी मजबुती आणीत. पण दोन पंख जवळ आले की एकाच्या हवेत दुसरा ढवळाढवळ करतो आणि तारा वाऱ्याला अडवितात, ते निराळेच. पुढे हलक्या व बळकट धातूचे पत्रे उपलब्ध झाले, तेव्हा एकाच पंखावर काम भागू लागले.

घाटगे जर्मनीत शिकले तो काळ त्या देशाच्या इतिहासात काळा ठरला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि गटिंगेनच्या अनेक थोर गणितज्ञांना व शास्त्रज्ञांना केवळ ते ज्यू होते म्हणून पदे सोडावी लागली. ज्ञानाचे ते माहेरघर डोळ्यांदेखत ओस पडत होते. १९३६ साली घाटगे यांनी डॉक्टर ही पदवी मिळविली आणि ते स्वदेशी परतले. पण ज्या विद्येत त्यांनी प्रावीण्य मिळविले, तिचा उपयोग करील असा एकही विमानाचा कारखाना तेव्हा भारतात नव्हता.

तो कारखाना काढण्याचे साहस सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी केले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, तेच हे उद्योगपती. १९३९ साली पॅसिफिक महासागरावरून विमानाने जात असता त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी गृहस्थाशी गाठ पडली. पॉली यांनी चीनमध्ये विमानांचा कारखाना चालविला होता. दुसरे महायुद्ध नुकतेच पेटले होते. वालचंदांनी तेथेच मनाशी निश्चय केला. म्हैसूर संस्थानाने बंगळूर येथे जमीन दिली, भांडवलात वाटा उचलला, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. डॉ. घाटगे आरंभापासूनच या कारखान्यात होते.

कारखान्याचे पहिले काम म्हणजे अक्षरशः पेट्या उघडणे. अमेरिकेहून हार्लो जातीच्या प्रशिक्षण विमानांचे सुटे भाग समुद्रमार्गे आले. ज्यांनी त्यापूर्वी विमान जवळून पाहिलेही नव्हते, अशा कामगारांनी नकाशा समोर ठेवून धड, पंख, शेपूट व यंत्र जोडले, आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये पहिले हार्लो विमान बंगळूरच्या आकाशात चढले. कंपनी स्थापन होऊन नऊ महिनेही लोटले नव्हते. हे यश थोडे नव्हते. तरीही विमान रेखले होते ते अमेरिकेत. त्याच काळात डॉ. घाटगे यांनी दहा आसनांचे एक ग्लायडर, म्हणजे यंत्राविना तरंगणारे विमान, स्वतः रेखले. त्याची वाच्यता फारशी झाली नाही. परंतु या कारखान्यातील भारतीय बुद्धीचे पहिले अपत्य म्हणून त्याची आठवण ठेवली पाहिजे.

पुढे १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले. सरकारने वालचंदांचे भाग विकत घेऊन कारखाना आपल्या हाती घेतला, आणि नवी विमाने बांधण्याचे काम बाजूस पडून लढाईत मोडलेल्या विमानांची दुरुस्ती सुरू झाली. अमेरिकी सैन्याच्या देखरेखीखाली हजारो कारागीर रात्रंदिवस राबत होते. त्यांच्या हातांना सफाई आली, पण नव्या रेखनाला तेथे वाव उरला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग उघडण्यात आला, आणि त्याची धुरा डॉ. घाटगे यांनी उचलली. गटिंगेन येथे मिळविलेली विद्या ते आता इतरांना देऊ लागले. पुढे भारतीय विमाने रेखणारे कितीतरी अभियंते याच विभागातून बाहेर पडले. एखादे विमान रेखण्यापेक्षा हे काम कमी मोलाचे खचित नव्हते.

देश स्वतंत्र झाला तेव्हा वायुदलाचे नवशिके वैमानिक टायगर मॉथ या इंग्रजी द्विपंखी विमानावर शिकत असत. लाकूड, कापड व तारा यांचे ते विमान गुणी होते, पण जुन्या जमान्यातले. इंग्लंडच्या नकाशांवरून प्रेंटिस नावाची विमाने बंगळूरला तयार होऊ लागली; ती पुन्हा दुसऱ्याचीच. अशा वेळी, १९४८ च्या सुमारास, संपूर्णपणे भारतात रेखलेले प्रशिक्षण विमान बांधण्याचे काम डॉ. घाटगे व त्यांचे सहकारी यांच्यावर सोपविण्यात आले. त्याचे नाव एच. टी. २.

शिकाऊ वैमानिकाचे विमान रेखणे लढाऊ विमान रेखण्याहून सोपे, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु शिकणारा मनुष्य चुका करणारच, आणि विमानाने त्या पोटात घातल्या पाहिजेत. तो वेग कमी करील, विमान आपटत उतरवील. शिवाय त्याला गिरकी शिकवावी लागते. एका बाजूचा पंख उचल गमावून बसला की विमान भोवऱ्यासारखे फिरत खाली येते, तीच गिरकी. प्रशिक्षण विमान वैमानिकाच्या इच्छेने गिरकीत शिरले पाहिजे आणि सुकाणू योग्य दिशेने दाबताच तिच्यातून बाहेरही आले पाहिजे. अति भोळे विमान काही शिकवीत नाही आणि अति चपळ विमान जीव घेते. या दोहोंमधील वाट डॉ. घाटगे यांना काढावयाची होती, आणि चूक झाल्यास तिची किंमत कोण्या कोवळ्या तरुणाने मोजावी लागणार होती.

त्यांनी विमान धातूचे केले. पंख एकच, तोही धडाच्या तळाशी आणि तारांवाचून उभा राहणारा. शिष्य व गुरू एकामागे एक बसत. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी पहिले एच. टी. २ विमान उडविले. दुसरे प्रायोगिक विमान पुढील वर्षी उडाले. त्यानंतर अशी दीडशेहून अधिक विमाने बांधण्यात आली. वायुदलाच्या शाळांतून टायगर मॉथ हळूहळू निवृत्त झाले आणि त्यांची जागा एच. टी. २ ने घेतली. आफ्रिकेतील घाना या देशाने आपले वायुदल उभारताना ही विमाने नेली. अलाहाबादच्या त्या टपालाला तेव्हा अर्धशतकही झाले नव्हते.

नंतरची कामे एकापाठोपाठ एक आली. उड्डाण-मंडळांसाठी पुष्पक हे दोन आसनांचे हलके विमान १९५८ मध्ये उडाले. कृषक हे टेहळणी विमान १९५९ मध्ये. १७ जून १९६१ रोजी मरुत हे लढाऊ जेट विमान उडाले. त्याचे प्रमुख शिल्पकार जर्मनीचे कुर्ट टांक हे होते. किरण या जेट प्रशिक्षण विमानाच्या रेखनाची सूत्रे मात्र डॉ. घाटगे यांच्या हाती होती. ४ सप्टेंबर १९६४ रोजी ते प्रथम उडाले, आणि पुढे वैमानिकांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. वायुदलाच्या सूर्यकिरण पथकाने १९९६ पासून आकाशात ज्या कसरती करून दाखविल्या, त्या पहिली पंधरा वर्षे याच विमानांवर.

१९६५ साली भारत सरकारने डॉ. घाटगे यांना पद्मश्री देऊन गौरविले. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे अध्यक्षपदही त्यांनी काही काळ सांभाळले. १९९१ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने विमानविद्येतील कामगिरीबद्दल पारितोषिक दिले जाते. बंगळूरच्या विमान-संग्रहालयात त्यांचे एच. टी. २ जतन करून ठेवले आहे. त्याच्या पंखाखाली वाकून पाहिले असता धातूच्या पत्र्यांवर ओळीने ठोकलेले रिव्हेट दिसतात.