विश्लेषण : गालिच्यातली धूळ ओढून घेणारे यंत्र कोणी घडवले? कोण होते ह्युबर्ट सेसिल बूथ?

दर सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातले कितीतरी विद्यार्थी शिक्षणासाठी इंग्लंडला जातात. पहिल्यांदा भाड्याचे घर घेतात आणि दार उघडताच पायाखाली येतो तो भिंतीपासून भिंतीपर्यंत पक्का बसवलेला गालिचा. आपल्याकडे फरशी असते, ती झाडायची आणि पुसायची. सतरंजी मळली तर गच्चीवर नेऊन झटकायची. हा गालिचा उचलता येत नाही, झटकता येत नाही आणि घर सोडताना तो मळलेला निघाला तर अनामत रकमेतून पैसे कापले जाण्याची धास्ती असते. त्याच घराच्या कपाटात एक व्हॅक्युम क्लीनर ठेवलेला असतो. तो बहुतेक इंग्रजांच्या तोंडी ‘हूव्हर’ म्हणूनच असतो. मात्र हूव्हर हे नाव धूळ ओढून घेण्याची युक्ती प्रत्यक्षात उतरवणाऱ्या माणसाचे नाही. तो माणूस म्हणजे ह्युबर्ट सेसिल बूथ.

पाळण्यांचा अभियंता...

बूथ यांचा जन्म ४ जुलै १८७१ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे झाला. वडील लाकडाचे व्यापारी. शालेय शिक्षणानंतर ते लंडनच्या सेंट्रल टेक्निकल कॉलेजात अभियांत्रिकी शिकले आणि १८९२च्या अखेरीस लंडनमधीलच मॉडस्ले, सन्स अँड फील्ड या जुन्या, नावाजलेल्या यंत्रकंपनीत नकाशे काढण्याच्या कामावर रुजू झाले. ही कंपनी जहाजांची इंजिने बनवत असे. बूथ यांनी ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौकांच्या इंजिनांवर काम केले.

कंपनीचे एक संचालक वॉल्टर बॅसेट यांना मात्र वेगळाच नाद होता, तो म्हणजे अवाढव्य फिरते पाळणे उभारण्याचा. त्या कामासाठी त्यांनी तरुण बूथ यांना निवडले. ब्लॅकपूल, व्हिएन्ना आणि पॅरिस येथील पाळण्यांच्या रचनेत बूथ यांचा हात होता. इतक्या उंचीवर वाऱ्याचा दाब सोसेल, पण स्वतःच्या वजनाने वाकणार नाही अशी पोलादी रचना करणे हा त्या काळचा अवघड प्रश्न होता. यातला व्हिएन्नाचा १८९७चा पाळणा जवळपास ६५ मीटर उंच आहे. दुसऱ्या महायुद्धात तो जळाला, पुन्हा उभारताना त्याचे डबे निम्मे करण्यात आले, पण तो आजही फिरतो आहे. थोडक्यात, गालिचे आणि घरकाम यांच्याशी बूथ यांचा दुरूनही संबंध नव्हता. त्यांच्या पुढच्या कामात याचा फायदाच झाला असे म्हणायला हवे.

धूळ फुंकायची की ओढायची?

१९०१ साली लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये अमेरिकेतून आलेल्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक होते. बूथ ते पाहायला गेले. यंत्र गालिच्यावर दाबाने हवा फुंकत असे, धूळ उडे आणि ती वरच्या पेटीत जमा व्हावी अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात थोडी धूळ पेटीत जाई आणि बाकीची खोलीभर पसरून पुन्हा गालिच्यावर बसे. बूथ यांनी यंत्रवाल्याला साधा प्रश्न केला, की फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही? ते अशक्य आहे, असे तो चिडून म्हणाला आणि तिथून निघून गेला. हा प्रसंग बूथ यांनीच पुढे सांगितलेला आहे.

मग त्यांनी काही दिवस विचार केला आणि स्वतःवरच प्रयोग केला. लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका रेस्तराँमध्ये मखमली खुर्चीच्या पाठीवर तोंड टेकवून त्यांनी जोरात श्वास ओढला. ठसका लागला, घशात धूळ गेली. पुढे कापड मध्ये धरून हाच प्रयोग केल्यावर कापडाच्या एका बाजूला धुळीचा काळा डाग उमटला, असेही सांगितले जाते. तपशील थोडे इकडेतिकडे झाले असतील, पण सगळे रहस्य त्या कापडातच आहे. हवा ओढणे अवघड नव्हते, पंप तर होतेच. हवा जाऊ द्यायची आणि धूळ अडवायची, हे जमणे महत्त्वाचे होते. ऑगस्ट १९०१ मध्ये बूथ यांनी पेटंटसाठी अर्ज केला.

पहिले आणि एकमेव जनक तेच का, तर तसे म्हणणे थोडे सैल होईल. अमेरिकेत आयव्हज मॅकगॅफी यांनी १८६९ मध्येच हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. बूथ यांच्या सुमारास डेव्हिड केनी हेही अमेरिकेत मोठ्या इमारतींसाठी अशाच खटपटीत होते. मात्र यंत्राच्या बळावर, गाळणीसह, रोजच्या वापरात टिकेल असे ओढून घेणारे यंत्र उभे करून त्याचा धंदा करून दाखवला तो बूथ यांनी. इंग्लंडमध्ये त्यांच्या पेटंटला आव्हाने मिळाली आणि त्यांना न्यायालयात जावे लागले, तिथे ते टिकून राहिले.

यंत्र रस्त्यावर, नळ्या खिडकीतून...

पहिले यंत्र कपाटात मावणारे नव्हते. लाल रंगाची घोडागाडी, तिच्यावर इंजिन आणि पंप. गाडी घराबाहेर रस्त्यात उभी राही, लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत सोडल्या जात आणि गणवेशातली माणसे घरातले गालिचे, पडदे, गाद्या साफ करत. लोकांनी या धुडाला ‘पफिंग बिली’ असे नाव ठेवले. आवाज इतका, की रस्त्यावरचे घोडे बिथरत. तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या.

बूथ यांनी यंत्र विकण्याऐवजी सेवा विकायचे ठरवले. १९०२ मध्ये त्यांनी ब्रिटिश व्हॅक्युम क्लीनर कंपनी स्थापन केली. श्रीमंत घरांमध्ये या सफाईची मजा पाहायला पाहुणे बोलावले जात. नळीचा काही भाग पारदर्शक ठेवला जाई, म्हणजे आपल्याच दिवाणखान्यातली धूळ वाहत जाताना यजमानांना दिसावी. जाहिरातीची ही शक्कल आजच्या कंपन्याही वापरतात. धूळ जमा होणारा डबा पारदर्शक का असतो, याचे उत्तर १९०२ मध्ये सापडते!

कंपनीचे नाव झाले ते एका राज्याभिषेकामुळे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी सजवताना कामगारांच्या वर्दळीने सिंहासनाखालचा भव्य गालिचा मळला. तो उचलून झटकायला वेळ नव्हता. बूथ यांची गाडी आली आणि तो जागेवरच साफ झाला. राजाच्या कानावर हे गेल्यावर बकिंगहॅम राजवाड्यात प्रात्यक्षिक झाले आणि बकिंगहॅम व विंडसर या दोन्ही ठिकाणांसाठी यंत्रे घेण्यात आली.

राजवाड्यांपेक्षा मोलाचे काम पुढे झाले. पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाच्या भरतीतील माणसांना ठेवले होते. तिथे तापाची साथ पसरली, माणसे दगावू लागली. त्या प्रचंड वास्तूत वर्षानुवर्षे साचलेली धूळ काढण्यासाठी बूथ यांची १५ यंत्रे लावण्यात आली आणि २६ टन धूळ बाहेर निघाली, अशी नोंद सांगितली जाते. धूळ म्हणजे केवळ अस्वच्छता नव्हे, तिचा आरोग्याशी संबंध आहे, हा विचार लोकांच्या मनात रुजण्यास अशा कामांची मदत झाली.

मग नाव हूव्हरचे कसे झाले?

इथे बूथ यांची दूरदृष्टी कमी पडली असे स्पष्ट म्हणायला हवे. घरमालकिणीला गाडीभर यंत्र नको होते, हातात धरता येईल असे हवे होते. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन येथे जेम्स मरे स्पँग्लर नावाचे सफाई कामगार होते. त्यांना दम्याचा त्रास होता, झाडूने उडणारी धूळ सोसवत नव्हती. त्यांनी पंख्याची मोटर, साबणाची पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवले. त्यात फिरणारा ब्रशही होता. १९०८ मध्ये पेटंट मिळाले. नात्यातल्या विल्यम हूव्हर यांनी ते हक्क घेतले, कारखाना काढला आणि घरोघरी विक्री केली. इंग्लंडमध्ये तर हूव्हर हे क्रियापदच झाले. बूथ यांच्या कंपनीने नंतर ‘गॉब्लिन’ नावाने घरगुती यंत्रे आणली, पण तोवर उशीर झाला होता. कारखाने आणि मोठ्या इमारतींच्या सफाईयंत्रणांत मात्र कंपनीचा जम राहिला.

भाड्याच्या घरात याचा उपयोग काय?

बूथ यांची युक्ती समजली की कपाटातले यंत्र नीट वापरता येते. यंत्र धूळ खेचते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंखा आतला दाब कमी करतो, बाहेरची हवा तिथे धाव घेते आणि गालिच्याच्या धाग्यांमधून वाहताना धूळ घेऊन जाते. म्हणजे काम हवेच्या प्रवाहाचे आहे. पिशवी किंवा डबा भरला, गाळणी चोंदली की आवाज तेवढाच येतो, पण प्रवाह मंदावतो आणि गालिचा तसाच राहतो. आधीचे भाडेकरू यंत्र रिकामे करून गेले असतील, या भ्रमात राहू नये. पहिल्याच दिवशी डबा आणि गाळणी पाहावी. धुता येणारी गाळणी धुतल्यावर पूर्ण वाळवूनच बसवावी. आणि हात हळू चालवावा. घाईघाईने दहा फेऱ्या मारण्यापेक्षा सावकाश, उभ्या-आडव्या दोन फेऱ्यांत जास्त धूळ निघते.

डागांवर मात्र हे यंत्र निरुपयोगी आहे. मराठी स्वयंपाकघरातला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हळद. आमटीची वाटी कलंडली की पहिली चूक होते ती घासण्याची. आधी चमच्याने वरचेवर उचलावे, मग पांढऱ्या कापडाने टिपत राहावे, कडेकडून मध्याकडे. दुसरी चूक म्हणजे खाण्याचा सोडा किंवा तीव्र साबण टाकणे. हळद आणि चुना मिळून कुंकू होते, हे आपल्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. हळदीतील रंगद्रव्य अल्कली लागताच लाल होते. पिवळा डाग तांबडा झाला तर घाबरू नये, पण मुळात तसे होऊच देऊ नये. थंड पाणी, भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे दोनचार थेंब, आणि आधी कोपऱ्यात वापरून पाहणे बरे. हळदीचा रंग प्रकाशाने फिका पडतो, तेव्हा डाग खिडकीजवळ असेल तर दिवसा पडदे उघडे ठेवावेत. पाणी ओतू मात्र नये. खालचा थर ओला राहिला की थंडीत तो वाळत नाही आणि खोलीला कुबट वास येतो. गालिचा धुण्याची भाड्याने मिळणारी यंत्रे पाणी फवारून लगेच ओढून घेतात. तीही बूथ यांच्याच वाटेवरची.

आता अनामत रकमेचे. इंग्लंडमध्ये खासगी भाड्याच्या नेहमीच्या करारात वार्षिक भाडे ५० हजार पौंडांपेक्षा कमी असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही. ती ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवणे घरमालकावर बंधनकारक असते. २०१९च्या टेनंट फीज अ‍ॅक्टनुसार व्यावसायिक सफाईचा खर्च भाडेकरूने केलाच पाहिजे, अशी सक्ती करता येत नाही. घर मिळाले तितके स्वच्छ परत करण्याची अपेक्षा मात्र ठेवता येते. म्हणून प्रश्न येतो तो पुराव्याचा. चावी मिळाल्या दिवशीच गालिच्याचे कोपरे, पलंगाखालची जागा, जुने डाग यांची तारखेसह छायाचित्रे काढावीत. घराच्या स्थितीची यादी मिळाली तर त्यात डागांची नोंद करून मगच सही करावी. रोजच्या वावराने गालिचा झिजणे हे नुकसान धरले जात नाही. वाद झालाच तर त्या योजनेकडे मोफत दाद मागता येते, आणि कपात योग्य आहे हे तिथे घरमालकाला दाखवून द्यावे लागते. वसतिगृहे किंवा घरमालक स्वतः राहत असलेल्या घरातली खोली यांचे नियम वेगळे असतात, तेव्हा करार कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहावे.

अखेरची वर्षे...

बूथ यांनी कंपनीबरोबरच अभियांत्रिकी सल्लागार म्हणूनही काम सुरू ठेवले आणि पूल व पोलादी रचनांची कामे केली. यंत्राच्या जन्माची हकीकत त्यांनी १९३०च्या दशकात यंत्रेतिहासाच्या अभ्यासकांपुढे तपशीलवार मांडली. एम्पायर म्युझिक हॉलमधला प्रसंग आज माहीत आहे तो त्यामुळे. कंपनीचे अध्यक्षपद त्यांनी १९५२ पर्यंत सांभाळले. १४ जानेवारी १९५५ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडन येथे वयाच्या ८३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.